कामापुरते एक पान

अमरावतीच्या राजापेठेत माझ्या खिडकीखाली संध्याकाळी भाजीची गाडी उभी राहते, आणि तिच्यावर पाणी शिंपडले की ओल्या सांभाराचा वास वर येतो. सांभार म्हणजे कोथिंबीर. हे पुण्याकडच्या वाचकासाठी लिहावे लागते. हिरवा, तिखट, किंचित मातकट असा तो वास जिना चढून आत आला की काही क्षण माझे घर घर राहत नाही, मळा होते. एवढ्यावर थांबले असते तर मी सुखात खुर्चीवर बसून राहिले असते. पण नेमका त्याच वेळी समोरच्या माडीवरचा शिकवणीवर्ग भरतो. मुलेमुली एका सुरात एक उत्तर म्हणू लागतात, आणि त्या सुरावर पाय देऊन त्यांच्या सरांचा आवाज येतो, "खूण केली तेवढंच पाठ करा. त्याच्या पुढचं परीक्षेत येत नाही."

काल कोण्या मुलीने काहीतरी विचारले. प्रश्न मला ऐकू आला नाही, नुसती त्याची चढती लय आली. उत्तर मात्र स्वच्छ आले. "तुला काय करायचंय त्याच्याशी? म्हण फक्त."

मी खिडकीचा गज घट्ट धरला. हे वाक्य मी पूर्वी ऐकले आहे, याच वासात, जवळजवळ याच शब्दांत. ऐकले तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, हुकूम नागपूरहून यायचे आणि मी सहा-सात वर्षांची होते. माणसे म्हणतात, वय झाले की राग निवतो. माझा निवलेला नाही. तो नुसता खाली बसला होता, विहिरीतल्या गाळासारखा. कोणी वरून घागर सोडली की पाणी पुन्हा गढूळ होते.

आमचा मळा अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी होता. वांगी, मेथी, मुळा, सांभार, बांधावर झेंडू. बाबा मोट हाकायचे, माय तण निंदायची, आणि पाणी वळवण्याचे काम थोरल्या बहिणीकडे होते. तिला आम्ही बाई म्हणायचो. दांडातून आलेले पाणी ती अनवाणी पायाच्या अंगठ्याने आणि हातातल्या खुरप्याने वाफ्यावाफ्यात सोडायची. एका वाफ्याचे तोंड बंद, दुसऱ्याचे उघडे. तिच्या पोटऱ्यांवर काळा चिखल सुकून त्याच्या पापड्या पडायच्या, आणि ओल्या मातीला येणारा तो थंड, लोखंडासारखा वास तिच्या केसांनाही यायचा. पुढे मी कितीतरी विद्वानांना मनाविषयी बोलताना ऐकले. मन कुठे लागते, कुठे लागत नाही, ध्यान म्हणजे काय. मला मात्र दर वेळी बाईचा अंगठा आठवला. पाणी सगळीकडे जायला तयारच असते. तोंड कोणत्या वाफ्याचे उघडले आहे, एवढाच प्रश्न असतो. आणि आमच्या बाबतीत खुरपे दुसऱ्याच्या हातात होते.

ते मामाच्या हातात होते. मामा अकोल्यातल्या एका शाळेत मास्तर होता. आमच्या माळ्यांच्या घरांतला पहिला शिकलेला माणूस, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, बोटांना खडूचा कोरडा वास. तो आला की बाबा मोट थांबवायचे. त्याचे शाळेत मोठे नाव होते, आणि ते कशामुळे होते तेही तो स्वतःच हसत हसत सांगायचा. तपासणीला डिप्टी साहेब यायचे, तेव्हा त्याचा वर्ग कधी अडखळत नसे. पुढच्या ओळीतल्या प्रत्येक मुलाला एकेक परिच्छेद नेमून दिलेला. पुस्तके वरवंट्याखाली उघडी दाबून ठेवलेली, म्हणजे डिप्टीने हातात घेतली की नेमकी त्याच पानावर उघडावीत. "साहेबाले वाचन ऐकायचं असते," तो बाबांना सांगायचा, "मी त्याले वाचन ऐकवतो. पोट्ट्याले वाचता येते का नाही, हे साहेबानं इचारलंच नाही अजून." बाबा हसायचे. मलाही तेव्हा हसू यायचे.

बाईला स्थळ आले ते अमरावतीचे. मुलगा आमच्यातलाच, पण कचेरीत कारकून. त्यांची अट एकच होती. मुलगी वाचणारी हवी. हुंडाबिंडा काही नको. बाबांना हे स्थळ हातचे जाऊ द्यायचे नव्हते आणि बाईला एक अक्षर येत नव्हते. मायने भीत भीत म्हटले, "सहा महिने मांगून घ्या. मामा शिकवीन तिले." सहा महिने पुष्कळ झाले असते. बाईचे डोके मी पुढे पाहिले आहे. तीन महिनेही पुरले असते. पण मामाने कोटाची बाही झटकली आणि सांगितले, "सहा महिने कायले? लग्नापुरतंच पाह्यजे ना? एक पान बस झालं."

तो शाळेतले क्रमिक पुस्तक घेऊन आला. धडा उंटाचा होता. का, ते मला आजही कळलेले नाही. बहुधा त्या पानावर जोडाक्षरे कमी होती. आठ दिवस संध्याकाळी तो बांधावर उकिडवा बसायचा, आणि बाई केळीच्या सोपटाने सांभाराच्या जुड्या बांधता बांधता त्याच्या मागून म्हणायची. "उंट हा वाळूच्या देशात राहणारा प्राणी आहे. त्याचे पाय लांब असून मान वाकडी असते. त्याच्या पाठीवर मदार असते." जुडी बांधली की एक वाक्य, जुडी बांधली की एक वाक्य. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिने हात थांबवून विचारले, "मामा, मदार म्हंजे काय असते?"

"तुले काय करायचं त्याच्याशी? म्हन फक्त."

बाईचा चेहरा मला दिसला नाही, तिचे हात दिसले. सोपट तिने एवढे करकचून ओढले की सांभाराच्या काड्या मोडल्या आणि तो वास भसकन सगळीकडे झाला.

पान संपायचे ते अर्ध्या वाक्यात. "कितीही तहान लागली तरी तो" एवढेच, आणि पुढचे शब्द मागल्या बाजूला. बाईने तेही विचारले. पुढे काय होते? मामा म्हणाला, तिथपर्यंत कोणी ऐकत बसत नाही, त्याच्या आधीच बस म्हणतात. याबाबतीत तो अगदी खरा ठरला. त्याच्या अनुभवाला मी कधीच नावे ठेवली नाहीत.

पाहायला पाच पुरुष आले. पुस्तक आठ रात्री वरवंट्याखाली होते. मुलाच्या चुलत्याने ते उचलून बाईपुढे धरले तर ते शहाण्या जनावरासारखे आपल्या जागी उघडले. बाईने खाली मान घालून म्हणायला सुरुवात केली. आवाज तिचा गोड होता, मळ्यात पाण्याच्या आवाजावरून हाका मारून कमावलेला, स्वच्छ. आणि ओळींवरून तिचे बोट चालले होते. मामाने शिकवले होते ना, बोट फिरवायचे. पण ते शब्दांवरून चालत नव्हते. पाणी सोडल्यावर ते जसे एकसारखे पुढे जाते तसे ते वाहत होते. मी खांबाला धरून उभी होते. मला त्या वेळी अ की ब कळत नव्हते, तरी मला दिसत होते की बोट पानाच्या तळाशी जाऊन उभे राहिले आहे आणि आवाज अजून उंटाच्या मानेपाशीच आहे.

पाच माणसांपैकी एकालाही ते दिसले नाही. आंधळी नव्हती ती माणसे. रंग त्यांनी पाहिला, चाल पाहिली, पायाची बोटे पाहिली. उठताना पदर कसा सावरते तेही पाहिले. वाचणारी मुलगी हवी म्हणून आले होते आणि तेवढे एक सोडून सगळे पाहून गेले. कापसाच्या बाजारात अडत्या बोळा हातात घेतो तेव्हा तो धागा ओढून पाहतो. त्याच कापसात एखाद्या थंडीने काकडणाऱ्या पोरीला दुलई दिसते. ज्याला जे हवे असते ते त्याला दिसते, असे पुष्कळजण मोठ्या समाधानाने सांगतात. मला यात समाधान वाटत नाही. कारण त्या दिवशी ओसरीवर एक पोर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाचू न शकता वाचत होती, आणि तिला जे हवे होते ते मात्र कोणालाच दिसत नव्हते. "काटेरी झुडपे"पाशी चुलता म्हणाला, "बस बस, मस्त वाचते." सुपारी फुटली.

मामाने पुढची चाळीस वर्षे सांगितले, "आठ दिवसांत वाचायला शिकवली मी तिला." ऐकणाऱ्यांना नवल वाटायचे.

मला नववे लागले तेव्हा भाऊजींनी, म्हणजे बाईच्या नवऱ्याने, निरोप धाडला की धाकटीलाही अमरावतीला पाठवा, इथे मुलींची चांगली शाळा आहे. भाऊजी वाईट नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण रागाच्या भरात माणूस सगळ्यांनाच एका दावणीला बांधतो. बाबांनी मला बडनेऱ्यापर्यंत मोठ्या गाडीने आणि तिथून अमरावतीच्या लहान गाडीने नेऊन सोडले. शहराच्या जुन्या परकोटाच्या आत, अंबादेवीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर त्यांचे घर. घरात भाऊजी, बाईच्या सासूबाई आणि बाई. अंगणात चुना लावलेले तुळशीचे कट्टे. आणि हवेत सदा कापसाच्या जिनातल्या सरकीचा तेलकट, गोडूस वास. भाऊजींच्या खोलीत पुस्तकांचे कपाट होते. मित्र आले की ते म्हणायचे, "आमच्या घरी वाचणारी आहे, बुवा." बाई चहा घेऊन यायची आणि मित्र तिच्याकडे आदराने पाहायचे. पण त्या कपाटातले एक पुस्तक तिच्या हाती द्यावे, ही बातमी वाचलीस का म्हणून विचारावे, असे त्यांना दोन वर्षांत कधी सुचले नव्हते. त्यांना वाचणारी बायको हवी होती. तिचे वाचणे त्यांना नको होते असेही नाही. ते त्यांच्या ध्यानातच नव्हते. आणि त्यामुळेच बाई वाचली होती, आणि त्यामुळेच अडकलीही होती. आळीतली कोणतीही बाई म्हणू शकली असती, मला पाटी आणून द्या. ही एकटीच म्हणू शकत नव्हती. जिला येते तिने कशाला शिकायचे? तिने 'अ' काढायला बसणे म्हणजे बाबांनी फसवले हे सांगणे होते, आणि फसवून दिलेल्या सुना माहेरी पोचवल्या जात.

मला हे काहीच माहीत नव्हते. अकोल्याच्या शाळेत दोन वर्षे घालवून मी कशीबशी अक्षरे जुळवू लागले होते, आणि अमरावतीला आल्यावर थोड्याच दिवसांत मला नवीन पुस्तक मिळाले. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून मी मोठ्याने वाचू लागले, "उंट हा वाळूच्या देशात..." मी एकेक शब्द चाचपत होते. आत बाई विळीवर वांगी चिरत होती. तिने मान वर केली नाही. पण माझ्या पुढे तिचा आवाज सुरू झाला, स्वच्छ, न अडखळता, विळीच्या तालावर. लांब पाय, वाकडी मान, मदार, काटेरी झुडपे, वाळवंटातले जहाज. "कितीही तहान लागली तरी तो," इथे येऊन आवाज आणि विळी दोन्ही थांबले.

"पुढं?" मी विचारले.

"पुढचं मले येत नाही, लहाने."

"वाच ना मंग. हे घे."

तिने पुस्तक घेतले नाही. चिरलेल्या वांग्याच्या पाण्याने काळे पडलेले हात तिने पदराला पुसले, ओसरीकडे एकदा पाहिले, आणि अगदी हळू म्हणाली, "मामानं एकच पान शिकवलं वं मले."

त्या क्षणी मला ते बोट आठवले, तळाशी जाऊन उभे राहिलेले. मी चटकन पान उलटले, पुढची ओळ शोधली आणि वाचायला तोंड उघडले. बाईने झेप घेऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या तळव्याला वांग्याचा तुरट वास होता. "सांगजो नको," ती म्हणाली. "मीच वाचीन ते."

मग तिने मुलखावेगळे काम केले. शिवणाच्या डब्यातून सुईदोरा आणला, आणि धड्याचे ते पान त्याच्या पुढच्या पानाला एक सैल टाका घालून बंद केले, जशी आपण पिशवीची तोंडे शिवतो. वाचता येईल तेव्हा उसवायचा. शाळेत त्या धड्याची पाळी आली तेव्हा मी शेजारणीच्या पुस्तकात पाहिले, आणि ते वाक्य पोटात ठेवून रोज तिच्यासमोर बसत राहिले. लहान मुलाला एवढे जड काही सांभाळायला देऊ नये.

शिकणे सुरू झाले ते सगळ्यांच्या देखत. बाई माझा अभ्यास घ्यायला बसायची. "मोठ्यानं म्हन," ती दरडावायची, "अन् बोट ठेव शब्दावर." बोट माझे, डोळे तिचे. ओसरीवरून सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "लय कडक आहे माही सून. बहिनीले सोडत नाही बाप्पा." शेजारीण म्हणायची, "शिकेल हाय ना वं." आणि बाई पदरात तोंड लपवून अशी हसायची की तिचे खांदे गदगद हलायचे. एकदा सासूबाईंनी आत डोकावून विचारले, "काहून हसून राहिली वं?" तर म्हणाली, "उंटाची मान वाकडी आहे म्हनते ही पोट्टी." सासूबाई म्हणाल्या, "असन. तुह्या मामाचीबी आहे."

पाठ असलेले पान हीच तिची पहिली पाटी झाली. ध्वनी तिला येत होते, खुणा पुढ्यात होत्या. ती एकेका ध्वनीला त्याच्या खुणेच्या दारी नेऊन सोडत गेली. 'मान' मधला 'मा' तिने त्या पानावरून उचलला आणि तेलाच्या डब्यावर ओळखला. मला शाळेत दोन वर्षे लागली त्याला तिला एक पावसाळा पुरला. शाळेतल्या बाई म्हणायच्या की वय वाढले की बुद्धी जड होते. मी मनात म्हणायचे, जड होत नाही, तिला कोणी कारण देत नाही. माझ्यासाठी अक्षर हे मार खाऊ नये म्हणून होते. मामाच्या वर्गातल्या पोरांसाठी ते डिप्टीसाठी होते. बाईसाठी त्या टाक्यापलीकडे एक तहानलेले जनावर उभे होते, आणि त्याचे पुढे काय झाले हे तिला दोन वर्षे कळलेले नव्हते. मदार म्हणजे उंटाचे वशिंड, हे मी शाळेतून विचारून आले तेव्हा ती चुलीपाशी दुधावर नजर ठेवून बसली होती. म्हणाली, "वशिंड. एवढंच होतं. आपल्या बैलालेबी होतं. हे सांगाले काय लागत होतं त्या मानसाले?" तिचा राग मी पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा. तिने फडके आपटून दूध उतरवले.

इथे थोडे थांबून एक सांगितले पाहिजे. पाठांतरावर माझा राग नाही. कवितेनेच मला वाढवले आहे. ज्यांचा अर्थ कळायला पंचवीस वर्षे लागली अशा कित्येक ओळी मी लहानपणी जिभेवर ठेवल्या, आणि त्या लिमलेटच्या गोळीसारख्या विरघळत राहिल्या. मायच्या जात्यावरच्या ओव्या तिला कोणी समजावून दिल्या नव्हत्या. पण त्या ओव्यांना कोणी टाका घातला नव्हता. मायने विचारले असते, आई, हे काय असते, तर तिच्या मायने जाते थांबवून सांगितले असते, किंवा मला नाही माहीत म्हटले असते. त्या दोन्ही उत्तरांत माणसाला जागा आहे. "तुले काय करायचं त्याच्याशी" यात नाही.

दिवाळी झाल्यावर मामा अमरावतीला आला. त्या संध्याकाळी भाऊजींच्या खोलीत कचेरीतले चारसहा मित्र होते, पानाची तबके, अडकित्त्याचा खटखट आवाज, कोरी सतरंजी. मुलींच्या शिक्षणावर बोलणे निघाले. मामा सावरून बसला. परक्यांसमोर त्याची भाषा बदलायची. अकोल्याची पुण्याची व्हायची. "आता हीच पाहा, माझी भाची. आठ दिवसांत वाचायला शिकवली. पद्धत लागते. बाई, आण गं ते पुस्तक, उंटाचा धडा वाच जरा."

भाऊजींना आनंद झाला. बाई आतून माझे पुस्तक घेऊन आली आणि दारापाशी उभी राहिली. मी तिच्या मागे, तिच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून. तिला काय करायचे होते ते सोपे होते. तोंड उघडायचे, उंट आपल्या पायांनी चालत आला असता.

तिने पुस्तक उघडले, टाका दातांनी तोडला आणि पान उलटले. टाका तुटल्याचा तो टचकन आवाज मला अजून ऐकू येतो.

मामाचे लक्ष त्या पानाकडे गेले आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटले, ही चुकली, आता सगळे उघडे पडते. "मागचं, मागचं पान," तो घाईने म्हणाला. "तिथून नको." बाईने ऐकले नाही. तिने बोट ठेवले, पहिल्या अक्षरावर, आणि ते तिथेच ठेवले, अक्षर जुळेपर्यंत. "कु... कुर... कुरकुर न... करता... आप... आपल्या ध... धन्याचे..." घामाने तिच्या कपाळाचे कुंकू ओघळत होते. प्रत्येक शब्द ती विहिरीतून दोन हातांनी वर ओढत होती, आणि प्रत्येक शब्द वर येत होता. बोट आणि आवाज, दोन्ही एकाच जागी. "धन्याचे ओ... ओझे... वाहत राहतो."

मग एक मित्र दयेने म्हणाला, "होते असे, चार माणसांत." भाऊजी खजील हसले. "पूर्वी काय सरसर वाचायची. आमच्या काकांनी ऐकलंय ना. संसारात सवय सुटली, दुसरं काय." आणि मामा, ज्याला आता कळले होते की काही उघडे पडलेले नाही, तो पाठीमागे रेलला आणि हळहळून म्हणाला, "बायकांचं असंच. शिकवलेलं टिकत नाही."

तिने आयुष्यात स्वतः वाचलेले पहिले वाक्य होते ते. जे कधी खरे नव्हते ते त्यांना वाचन वाटले होते, आणि खरे वाचन त्यांना विसरणे वाटले. मी आजवर पुष्कळ अन्याय पाहिले, याहून मोठे, रक्त निघणारे. पण माझ्या रागाचे मूळ विचाराल तर ती कोरी सतरंजी, तो अडकित्ता आणि ती हळहळ. मी ओरडणार होते. बाईने मागे हात नेऊन माझी मूठ दाबली, "आणते चहा," म्हणाली आणि मला ओढत आत घेऊन गेली.

स्वयंपाकघरात तिने दार लोटले. मला वाटले ती रडेल. ती चुलीपाशी बसली, फुंकणीने जाळ केला आणि आधण ठेवले. ते वाक्य ती जिभेवर फिरवत होती, कुरकुर न करता, कुरकुर न करता. मग माझ्याकडे वळली. जाळाच्या उजेडात तिचे डोळे लखलखत होते.

"म्हंजे त्याले पानी कोनी देल्लंच नाही," ती म्हणाली.

"कोणाले?"

"उंटाले. तहान लागली तरी ओझं वाहते म्हनते. अन् हे पोट्ट्याइले शिकवतेत. शाबासकी देऊन राह्यले त्याले." तिने साखरेचा डबा आपटला. "मामाले हे पान शिकवाचंच नव्हतं. आता समजलं मले. हे वाचलं असतं तं मी ओसरीवरच इचारलं असतं."

भाऊजींना खरे कधी कळले की नाही, ते मला माहीत नाही. त्या रात्रीनंतर कपाट मात्र उघडे राहू लागले. त्यांना वाटत होते की ते तिची सुटलेली सवय परत लावत आहेत, आणि तिने त्यांना तसे वाटू दिले. आधी तिने पुड्यांचे कागद वाचले, मग बडनेऱ्याच्या फलाटावरची पाटी, मग कपाटाचा खालचा खण, मग वरचा. आळीतल्या बायका दुपारी तिच्याकडे यायच्या, आणि ती कोणालाही पान ठरवून देत नसे. पुस्तक मिटून हातात द्यायची, जिथे उघडेल तिथून. कुणी अर्थ विचारला तर हातातले काम खाली ठेवायची. मामाला ती कधी उलट शब्द बोलली नाही. त्याच्या म्हातारपणी त्याची दृष्टी गेली, तेव्हा तो तिच्या घरी येऊन राहिला, तिच्याकडून रोज वर्तमानपत्र वाचून घ्यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आठ दिवसांत शिकवली मी. ती वाचत राहायची. मी मात्र एकदाही त्या खोलीत बसू शकले नाही. तिने त्याला माफ केले असेल. ते तिचे होते, तिने करावे. माझ्याजवळ तेवढे पाणी नाही.

बाई जाऊन आता बरीच वर्षे झाली. मोर्णेकाठच्या मळ्यावर घरे आहेत. जिनाची शिट्टी ऐकू येत नाही. पुस्तके वरवंट्याखाली दाबून ठेवण्याची गरज राहिलेली नाही, ती छापतानाच हव्या त्या पानावर उघडतील अशी छापतात. आणि डिप्टी साहेबाच्या जागी परीक्षा आहे, जी तेवढेच विचारते जेवढे ऐकायचे असते. मला कोणी म्हणते, तुम्ही उगीच चिडता, पोरे पास होतात ना. होतात. बाईसुद्धा पास झाली होती.

आज पुन्हा गाडीवाल्याने सांभारावर पाणी मारले आहे. समोरच्या माडीवर सूर लागला आहे, सरसर, न अडखळता, कालच्यापेक्षा दुप्पट वेगाने. मी कान देऊन ऐकते आहे. एक आवाज मागे राहतो. बारीक आहे, बहुधा कालच्याच मुलीचा. सगळे पुढल्या वाक्यावर गेले तरी ती अजून मागल्या शब्दापाशी थांबली आहे, तो दोनदा म्हणून पाहते आहे, चवीला घ्यावा तसा. सर आता तिला ओरडतील. दिवा लावायची वेळ झाली आहे, डास येतात, सूनबाई आतून दोनदा सांगून गेली. मी खिडकी लावत नाही. तो एक आवाज पुढल्या शब्दावर पोचेपर्यंत मला इथे उभे राहायचे आहे.